थेट म्हणजे किती थेट? : सीडी प्लेअर, व्हॉल्व्हचा ॲम्प्लिफायर आणि मधला प्रीॲम्प

आज आधी एक दुरुस्ती करायची आहे, आणि ती करता करताच विषय होईल.

गेल्या वर्षी याच व्याख्यानमालेत ‘लाघव’ या कल्पनेवर बोलताना आम्ही घरच्या उपकरणांचं उदाहरण दिलं होतं. सीडी प्लेअर थेट व्हॉल्व्हच्या पॉवर ॲम्प्लिफायरला जोडला, मधला प्रीॲम्प काढून टाकला आणि आवाज सुधारला, असं मोठ्या ऐटीत सांगितलं होतं. एक वस्तू कमी, म्हणजे बिघडण्याची एक जागा कमी. त्या भरवशावर सांगलीच्या एका श्रोत्यांनी आपला प्रीॲम्प विकून टाकला. दोन महिन्यांनी त्यांचं पत्र आलं. तंबोऱ्यावर कुणी ओलं फडकं टाकल्यासारखा आवाज येतो आहे, आता काय करू?

आमच्या घरी जे साधलं ते त्यांच्याकडे का बिघडलं? हे समजायचं तर आधी विचारलं पाहिजे, की प्रीॲम्प मुळात आला कशासाठी.

तो आला तबकडीसाठी. ग्रामोफोनच्या चुंबकीय पिकअपमधून निघणारा विद्युतदाब जेमतेम ५ मिलिव्होल्ट. आणि १९५३ साली इंग्लंडात निघालेल्या क्वाड टू या प्रसिद्ध व्हॉल्व्ह ॲम्प्लिफायरला आपले पूर्ण १५ वॅट द्यायला सुमारे १.४ व्होल्ट लागतात. म्हणजे मधे कुणीतरी जवळजवळ तीनशे पट वाढ करायला हवी. शिवाय तबकडी कापताना खालचे स्वर दाबलेले आणि वरचे उचललेले असतात, ते वाजवताना उलट करून सरळ करायचे. रेडिओ, टेप, तबकडी यांतलं काय ऐकायचं ते निवडायचं. आवाज कमीजास्त करायचा. ही सगळी कामं प्रीॲम्पची. पॉवर ॲम्प्लिफायर बिचारा खाली कपाटात. त्याला आवाजाचं बटणही नसे.

मग १९८२ साली सीडी आली. तिच्या प्लेअरमधून पूर्ण आवाजाला सुमारे २ व्होल्ट बाहेर पडतात. बघा, क्वाडला लागतात १.४ आणि हाती आहेत २. वाढवायचं काही उरलंच नाही. उलट झालं असं, की नेहमीचा प्रीॲम्प आधी बटणाने आवाज दाबतो आणि मग तोच पुन्हा वाढवतो. आधी भिजवायचं आणि मग वाळत घालायचं. तेव्हा तो काढून टाकावा असं वाटणं गैर नव्हे. तबकडी नसेल, ऐकायला सीडी एवढं एकच साधन असेल, तर वरच्या यादीतलं एकच काम शिल्लक राहतं, आवाज कमीजास्त करण्याचं. ते कुठे करायचं, एवढाच प्रश्न.

काही प्लेअरना बदलत्या आवाजाचं वेगळं आउटपुट असतं. त्यातही दोन जाती आहेत. एकीत आवाज आकड्यांमध्येच कमी होतो. सीडीवर प्रत्येक नमुना १६ बिटांचा. जुन्या पद्धतीच्या प्लेअरमध्ये सगळा हिशेब १६ बिटांतच होत असेल, तर दर ६ डेसिबलला एक बिट गळतो. रात्री हळू ऐकायला ३० डेसिबल खाली आलात की ११ बिटांचं गाणं ऐकता आहात. नंतरच्या, २४ बिटांत हिशेब करणाऱ्या प्लेअरमध्ये ही चिंता जवळपास मिटते. दुसऱ्या जातीत खरंखुरं फिरतं बटण असतं, तिथे बिट गळत नाहीत.

आणि ज्याला असं आउटपुटच नाही? त्याने मधे एक साधी डबी बसवायची, आत फक्त व्हॉल्यूम कंट्रोल. तपकीर गल्लीत किंवा लॅमिंग्टन रोडवर सामान मिळतं, खर्च थोडा. सांगलीच्या आमच्या मित्रांनी हेच केलं.

इथे प्रीॲम्पचं ते काम लक्षात येतं जे यादीत कुणी लिहीत नाही, आम्हीही लिहिलं नव्हतं. तो लांब केबल ओढून नेतो. प्लेअरचा अंतर्गत अडथळा सहसा काहीशे ओहम, म्हणजे त्याला केबलचं ओझं वाटत नाही. पण मधे १०० किलोओहमचा कंट्रोल बसवला आणि तो निम्म्या दाबावर ठेवला, की पुढे दिसणारा अडथळा २५ किलोओहम होतो. केबल म्हणजे दिसायला तार, पण वागायला लहानसा कपॅसिटर. साधारण मीटरला १०० पिकोफॅरड धरा. व्हॉल्व्हला प्रवाह जवळपास लागत नाही, म्हणून तो अशा जोडणीला ट्रान्झिस्टरपेक्षा सोयीचा खरा. पण ईसीसी ८३ सारखा पहिलाच व्हॉल्व्ह असेल तर तोही आपली शंभरेक पिकोफॅरडची भर घालतो. सांगलीकरांची डबी प्लेअरजवळ आणि तिथून ॲम्प्लिफायरपर्यंत ५ मीटर केबल. बेरीज ६०० पिकोफॅरड. गणित केलं तर साडेदहा किलोहर्ट्झच्या आसपास शक्ती निम्मी होते, आणि उतार त्याच्या बराच आधी सुरू होतो. तंबोऱ्याच्या जवारीची झळाळी नेमकी या उतारावर घरंगळली. ओलं फडकं म्हणजे तेच.

आमच्या घरी केबल १ मीटर आणि प्लेअरला स्वतःचं आउटपुट. आमचं शहाणपण नव्हतं त्यात, खोली लहान होती.

आता कबुलीचा दुसरा भाग, आणि तो आम्हाला जास्त बोचतो. ‘आवाज सुधारला’ हे तरी आम्ही कशावरून म्हणालो? पत्र आल्यावर आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याने येऊन मल्टिमीटर स्पीकरच्या टोकांना लावला, एकच सलग सूर वाजवला. प्रीॲम्पमधून १.०० व्होल्ट, थेट जोडणीत १.१९. म्हणजे दीड डेसिबल जास्त. एवढा फरक कानाला ‘मोठा’ असा जाणवतच नाही. ‘स्वच्छ’, ‘मोकळा’ असा जाणवतो. दोन्ही पातळ्या समान केल्यावर आम्हाला आलटूनपालटून ऐकवलं, कुठलं कुठलं ते न सांगता. आम्हाला ओळखता आलं नाही. चाळीस वर्षं वर्गात प्रत्यक्ष आणि भ्रम शिकवला, मंडळी.

नैयायिक म्हणतात की कान म्हणजे आकाशच आणि शब्द हा आकाशाचा गुण, म्हणून ऐकण्यात समवाय हा सगळ्यात जवळचा संबंध. तिथे मधे केबल नाही. आमच्या ‘थेट’ जोडणीत मात्र प्लेअरच्या पोटात आकड्यांचा सूर करणारी चिप, गाळणी आणि बाहेर ढकलणारा एक छोटा ॲम्प्लिफायर असतोच. काढून टाकलं ते फक्त वेगळ्या पेटीतलं. आणि लाघवाबद्दल बोलताना आम्ही त्याच शास्त्राचं दुसरं कलम विसरलो : फळ देणारं गौरव दोष मानत नाहीत. ५ मीटर केबल असेल तर प्रीॲम्प हे असंच गौरव आहे.

करून बघणार असाल तर काही गोष्टी घरी गेल्यावर विसरू नका. स्थिर आउटपुट बटण नसलेल्या पॉवर ॲम्प्लिफायरला कधीही जोडू नका. पहिल्याच थापेला पूर्ण शक्ती स्पीकरवर येईल. सुरू करताना प्लेअर आधी, ॲम्प्लिफायर शेवटी. बंद करताना उलट. स्पीकर लावल्याशिवाय व्हॉल्व्हचा ॲम्प्लिफायर चालू करू नका, त्याचा ट्रान्सफॉर्मर जाऊ शकतो. आणि आत हात घालू नका. तिथे चारेकशे व्होल्ट असू शकतात आणि बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये काही काळ राहतात.

सांगलीला आम्ही कळवलं, डबी उचलून ॲम्प्लिफायरशेजारी ठेवा. लांब केबल प्लेअरच्या बाजूला, डबीपासून पुढे अर्धा मीटर. आणि १०० ऐवजी १० किलोओहमचा कंट्रोल, म्हणजे वाईटात वाईट अडथळा अडीच किलोओहम. आठवड्याने फोन आला, जवारी परत आली म्हणून. फक्त आता आवाज वाढवायला उठून जावं लागतं. त्यांचे गुडघे आमच्यासारखेच आहेत, तेव्हा प्रीॲम्प परत मिळतो का ते आम्ही स्वतः विचारून पाहिलं. ज्यांनी घेतला ते द्यायला तयार नाहीत.