दुष्टाला शिंगे नसतात

चांगले काय आणि वाईट काय, हा प्रश्न पंडितांनी ग्रंथांत कोंडून ठेवला. प्रत्यक्षात तो गावाच्या वेशीवर आणि कोर्टाच्या पिंजऱ्यात रोज उभा असतो.

पुराणांनी त्याचे सोपे उत्तर दिले. इकडे देव, तिकडे राक्षस. राक्षस जन्मानेच वाईट, म्हणून त्याचा वध हे पुण्य! हिंदी सिनेमाने हीच कथा वर्षानुवर्षे चालवली. शेवटच्या रिळात खलनायक मेला की प्रेक्षक निर्धास्तपणे घरी जातो. पा. रंजित यांनी ‘काला’मध्ये (२०१८) रंग उलटे केले. धारावीचा नायक काळ्या कपड्यांत आणि जमीन गिळायला निघालेला पुढारी पांढऱ्याशुभ्र! नागराज मंजुळे यांचा ‘फँड्री’ (२०१३) त्याही पुढचे सांगतो. तिथे जब्याच्या घरचे डुक्कर धरत असताना गंमत पाहणारे, हसणारे अख्खे गाव आहे. शेवटी जब्याचा दगड थेट प्रेक्षकाच्या दिशेने येतो. तो का येतो, याचा विचार करावा.

तथागतांनी माणसांची देव-दानव अशी वाटणी केली नाही. त्यांनी कर्म तपासले, कुशल की अकुशल? अकुशलाची मुळे तीन : लोभ, द्वेष आणि मोह. ही मुळे जन्मात नसतात, मनात असतात आणि म्हणूनच ती उपटता येतात. माणसे मारणारा अंगुलिमाल भिक्खू झाला. पुराणात त्याचा वधच झाला असता.

पण मनातली ही मुळे पोसतो कोण? बाबासाहेबांनी १९३६ साली ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये याचे उत्तर दिले. हिंदू माणूस जात पाळतो तो क्रूर आहे म्हणून नव्हे, तर धार्मिक आहे म्हणून. दोष जात शिकवणाऱ्या शास्त्रांचा आहे. म्हणजे घरात प्रेमळ, देवळात भाविक असलेला माणूसच पाणवठ्यावर माणुसकी विसरतो, आणि त्याला त्यात पाप वाटत नाही.

खैरलांजीत २९ सप्टेंबर २००६ रोजी भोतमांगे कुटुंबातील चौघांची हत्या झाली. मारेकरी राक्षस नव्हते, गावकरीच होते. २००८ मध्ये भंडाऱ्याच्या सत्र न्यायालयाने सहा जणांना फाशी सुनावली, पण १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा लागू होत नाही, असे म्हटले. खून दिसला, जात दिसली नाही! कायद्यात हेतूला महत्त्व आहे आणि धम्मातही चेतनेला आहे. पण जात ही हवेसारखी सगळीकडे भरलेली असेल, तर एकट्या आरोपीच्या मनात ती शोधून कशी सापडणार?

म्हणून चळवळीतल्या कार्यकर्त्याने केवळ खलनायक शोधत बसू नये. एकाला शिक्षा झाली की व्यवस्था सुटते. आरोपीला शिक्षा झालीच पाहिजे, त्यासाठी फिर्यादीच्या पहिल्या ओळीपासून जातीचा उल्लेख नोंदवून घ्या, साक्षीदार टिकवा. आणि त्याच वेळी हसणाऱ्या गावालाही जाब विचारा. वाईटाला शिंगे नसतात, शेजाऱ्यासारखाच चेहरा असतो. कधी कधी आपलाही. स्वतःच्या मनातला लोभ, द्वेष, मोह तपासणे, हीच पंचशीलाची खरी सुरुवात आहे.

जय भीम!