बॉनेटखालचा दहा किलोचा डबा

डिसेंबरात निफाडचा पारा घसरल्याच्या बातम्या यायला लागल्या, की नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या सोसायट्यांच्या पार्किंगमध्ये सकाळी एक ओळखीचा आवाज कानावर येतो. किल्ली फिरते, बॉनेटखाली नुसतं टक्-टक् होतं, डॅशबोर्डवरचे दिवे मिणमिणतात आणि गाडी जागची हलत नाही. कुणीतरी काका गॅलरीतूनच निदान करतात, "बॅटरी बसली!" निदान बहुधा बरोबर असतं. खापर मात्र थंडीवर फुटतं, आणि ते तिच्यावर थोडं अन्यायाचंच आहे.

बॅटरीला खरं मारतो तो उन्हाळा. एप्रिल-मेच्या उन्हात इंजिनशेजारी बसलेल्या या डब्यातल्या शिशाच्या जाळ्या गंजत जातात आणि पाणी उडत जातं. तरीही गाडी सुरू होत राहते, कारण गरम इंजिन फिरवायला फार जोर लागत नाही. थंडीत तेल घट्ट होतं, रासायनिक क्रिया मंदावते आणि उरलीसुरली ताकद अपुरी पडते. मे महिन्यात झालेलं नुकसान असं डिसेंबरात जाहीर होतं.

डब्याचं मूळ 1859 सालचं. फ्रान्समधल्या गॅस्तों प्लांते यांनी शिशाचे दोन पत्रे पातळ गंधकाम्लात बुडवले आणि पुन्हा पुन्हा भरता येणारी पहिली बॅटरी केली. 1881 मध्ये कामीय फोर यांनी पत्र्यांवर शिशाच्या संयुगांचा लेप देण्याची युक्ती काढली आणि कारखान्यांना बॅटऱ्या काढणं सोपं झालं. आजच्या गाडीतलं रसायन तेच आहे. एका सेलमध्ये साधारण 2.1 व्होल्ट, असे सहा सेल ओळीने जोडले की पूर्ण भरलेली बॅटरी 12.6 व्होल्टच्या आसपास दाखवते. वीज काढली की दोन्ही प्रकारच्या प्लेटांवर लेड सल्फेट बसतं आणि अॅसिड पाण्याकडे झुकतं. भरली की उलटं. बॅटरी बराच काळ रिकामी राहिली तर मात्र ते सल्फेट कडक स्फटिक होऊन बसतं आणि सहजी परतत नाही. मेकॅनिक याला "सल्फेशन झालं" म्हणतात आणि मान हलवतात.

मोटारीत बॅटरीला मानाची जागा मिळवून दिली चार्ल्स केटरिंग यांच्या सेल्फ-स्टार्टरने, 1912 च्या कॅडिलॅकमध्ये. त्याआधी गाडी सुरू करायची तर समोर उभं राहून हँडल मारायचं. आपल्याकडे जुन्या जीप आणि अँबेसेडरबरोबर ते हँडल पुढेही कितीतरी वर्षं मिळत राहिलं. शिवाय गाडी उतारावर लावून ठेवायची, सकाळी सोडून द्यायची आणि गिअरमध्ये टाकून सुरू करायची, ही सोय होतीच. आजच्या ऑटोमॅटिक गाडीला धक्का मारून काही उपयोग नाही. म्हणजे गाड्या जितक्या शहाण्या झाल्या, तितकं या जुनाट डब्यावरचं अवलंबित्व वाढलं. लाखोंची इलेक्ट्रिक मोटारसुद्धा याला अपवाद नाही. मोठी लिथियम बॅटरी असूनही दारांची कुलुपं, दिवे आणि संगणक जागा करण्यासाठी तिच्यात बहुधा एक छोटी 12 व्होल्टची बॅटरी असतेच. ती बसली, की भरलेल्या मोठ्या बॅटरीसकट गाडी ठप्प.

"रोज गाडी काढतो, तरी बॅटरी कशी गेली?" हा प्रश्न जेहान सर्कलहून अशोकस्तंभापर्यंत भाजी आणायला गाडी नेणारे हमखास विचारतात. सेल्फ मारताना साधारण 200 अँपिअरचा झटका दोन सेकंद बसतो असं धरलं, तर खर्च भरतो अँपिअर-तासाच्या जेमतेम नवव्या हिश्शाइतका. तो भरून यायला वेळ लागत नाही. अडचण दुसरीच आहे. बॅटरीचा शेवटचा हिस्सा फार सावकाश भरतो, त्याला सलग काही तास लागतात. सिग्नलला थांबत, एसी आणि दिवे चालू ठेवत केलेल्या दहा मिनिटांच्या फेऱ्यांत ती कधीच काठोकाठ भरत नाही. अर्धवट भरलेली बॅटरी म्हणजे सल्फेशनला आमंत्रण. आठवड्यातून एकदा त्र्यंबकेश्वरला जाऊन यावं. देवदर्शन आणि चार्जिंग दोन्ही होतं.

अजिबात न फिरणाऱ्या गाडीचं गणित तर 2020 च्या लॉकडाउनने साऱ्या देशाला शिकवलं. बंद गाडीतही अलार्म, घड्याळ आणि संगणक थोडी वीज पीत असतात. ती 30 मिलिअँपिअर धरली, तर दिवसाला 0.72 अँपिअर-तास. 25 मार्चपासूनच्या पहिल्या 21 दिवसांत 15 अँपिअर-तास गेले. छोट्या गाडीची बॅटरी 35 ची असते. मे अखेरपर्यंत गाडीला हातच लावला नसेल, तर पुढे काय झालं ते सांगायला नको.

आता बदलण्याचं काम. सातपूर-अंबडच्या औद्योगिक वसाहती इथून लांब नाहीत. महिंद्राच्या गाड्या आणि बॉशची डिझेल इंजेक्शनची उपकरणं याच शहरात बनतात, त्यामुळे पाना धरता येणारा एखादा निवृत्त कामगार नाशिकच्या बहुतेक सोसायट्यांत सापडतो. त्याला विचारलंत तर तो आधी बॅटरी काढू देणार नाही, मल्टिमीटर आणायला लावेल. आणि ते योग्यच आहे. इंजिन चालू असताना टर्मिनलवर 13.8 ते 14.4 च्या आसपास व्होल्ट दिसले नाहीत, तर दोष बहुधा अल्टरनेटरचा किंवा त्याच्या बेल्टचा. अशा गाडीत नवी बॅटरी टाकणं म्हणजे तिलाही थोड्या दिवसांत बसवणं. बॅटरीच्या डोक्यावरच्या हिरव्या ठिपक्यावरही फार भरवसा नको. तो सहापैकी एकाच सेलची खबर देतो.

काम दहाच्या पान्याचं. मनगटातलं कडं आणि बोटातली अंगठी आधी काढून ठेवायची, कारण धातूची अंगठी पॉझिटिव्ह आणि बॉडीच्या मध्ये सापडली तर क्षणात लालभडक होऊ शकते. मग आधी निगेटिव्ह सोडायचं. हा क्रम परंपरा म्हणून नाही. गाडीची सगळी बॉडी निगेटिव्हला जोडलेली असते. आधी पॉझिटिव्ह सोडायला गेलात आणि पाना चुकून बॉडीला टेकला, तर पुरी बॅटरी त्या पान्यातून शॉर्ट होते. निगेटिव्ह सुटलेलं असेल तर तोच पाना टेकून काहीही होत नाही. बसवताना क्रम उलटा: पॉझिटिव्ह आधी, निगेटिव्ह सगळ्यात शेवटी. चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन निघतो, म्हणून जवळपास ठिणगी आणि सिगारेट दोन्ही नकोत.

टर्मिनलवर पांढरा-हिरवट खार साठलेला असतो. कोमट पाण्यात खायचा सोडा घालून जुन्या ब्रशने घासला की फसफसून निघतो. बॅटरी खालून धरून, न कलंडवता सरळ वर उचलायची. छोट्या गाडीचीही दहा किलोच्या आसपास भरते, तेव्हा पाठीचा विचार करून. नवीवर 38बी20एल असं काहीतरी छापलेलं असतं. त्यातलं 20 म्हणजे सेंटिमीटरमधली साधारण लांबी, आणि शेवटचं एल किंवा आर टर्मिनलांची बाजू सांगतं. तेवढं एक अक्षर चुकलं, की बॅटरी ट्रेमध्ये झोकात बसते आणि केबल पोहोचत नाही. उत्पादनाचा महिनाही वाचावा, कारण दुकानात पडून राहिलेली बॅटरीही हळूहळू झिजते. क्लँप मात्र पक्का आवळायचा. सैल बॅटरी प्रत्येक गतिरोधकावर हादरते आणि प्लेटांवरचा लेप गळत जातो. टर्मिनल घट्ट केल्यावर वरून थोडं व्हॅसलीन लावलं, की झालं. घड्याळ पुन्हा लावावं लागतं, काही गाड्यांत खिडक्यांची ऑटो सोय नव्याने शिकवावी लागते.

सगळ्याच गाड्यांवर हा प्रयोग करू नये. सिग्नलला आपोआप बंद पडणाऱ्या स्टार्ट-स्टॉप गाड्यांना वेगळ्या बांधणीची बॅटरी लागते, तिथे साधी स्वस्त बॅटरी टाकणं म्हणजे पैसे वाया. काही परदेशी गाड्यांत नव्या बॅटरीची नोंद गाडीच्या संगणकात करावी लागते. आणि केशरी केबल दिसली तर पाना खिशात ठेवावा, ती उच्च दाबाची वाहिनी आहे.

घरी बॅटरी बदलण्यात मला एकच मोठा धोका वाटतो, आणि तो बदलताना नसतो, नंतर असतो. जुनी बॅटरी जिन्याखाली जाते, मग एके दिवशी भंगारवाल्याच्या हातगाडीवर. तिच्या वजनात निम्म्याहून जास्त शिसं असतं, म्हणून भावही बरा मिळतो. पुढे कुठेतरी कोयत्याने ती फोडली जाते, अॅसिड मातीत ओततात आणि शिसं उघड्या भट्टीत वितळवतात. युनिसेफ आणि प्युअर अर्थ यांच्या 2020 च्या अहवालानुसार जगातल्या तीनपैकी एका मुलाच्या रक्तात धोक्याच्या पातळीइतकं शिसं आहे, आणि बॅटऱ्यांची अशी मोडतोड हे त्याचं एक प्रमुख कारण. पेट्रोलमधलं शिसं आपण 2000 साली हद्दपार केलं. बॅटरीतलं हद्दपार करायची गरजही नाही, कारण नीट चालवलेल्या कारखान्यात ते जवळजवळ सगळं परत मिळतं आणि नव्या प्लेटा होऊन पुन्हा बॉनेटखाली येतं.

जुनी बॅटरी परत घेण्याची जबाबदारी 2001 च्या नियमांनी उत्पादक आणि विक्रेत्यांवर टाकली होती. 2022 च्या नव्या नियमांनी उत्पादकांना आणखी बांधून घेतलं आणि ग्राहकालाही सांगितलं, की ही वस्तू बाकीच्या कचऱ्यात टाकायची नाही. दुकानात "जुनी देणार का?" असं विचारून बिलातून रक्कम वजा करतात, ती पद्धत यामुळेच सोयीची. हातगाडीवाला शंभर-दोनशे जास्त देईलही. तरी जुनी दुकानातच द्यावी, बिलावर तशी नोंद करून घ्यावी आणि वॉरंटी कार्डावर तारखेसह शिक्का मारून घ्यावा. फुकट बदलीची मुदत त्या तारखेपासूनच मोजतात.