गवंड्याच्या आधी वायरमन

वडिलांनी फियाट घेतली तेव्हा, म्हणजे १९६८ साली, पुण्यातल्या आमच्या बंगल्याच्या मागच्या अंगाला विटांचे नि पत्र्याचे जे गॅरेज उभे राहिले, त्यातला विजेचा सारा संसार म्हणजे आढ्याला टांगलेला एक दिवा आणि दाराजवळचे तपकिरी बॅकेलाइटचे एक बटण, एवढाच होता. गेल्या वर्षी ते पाडून नव्याने बांधण्याचा बेत ठरला, तेव्हा विटा, शटर आणि रंग यांचा खल घरात आठवडाभर चालला. विजेचा निकाल मात्र ‘ते वायरमन शेवटी येऊन बघेल’ एवढ्या एका वाक्यात लागला.

हा निकाल फिरवावा लागणार, हे मला जुने वायरिंग उतरवताना उमगले. मेन स्विच बंद करून, तार खरोखरच मृत आहे याची टेस्टरने खातरजमा झाल्यावर, सागवानी पट्टीवर क्लिपांनी बसवलेली ती रबरी वेष्टनाची तार वायरमनने बोटाने किंचित वाकवली, तोच वेष्टन शिळ्या खारीसारखे तुटून त्याचा काळा भुगा त्याच्या तळहातावर पडला आणि आतले तांबे उघडे चमकले. बोर्डाच्या झाकणामागे पालीचा वाळलेला सांगाडा होता. असल्या तारेला नवे गॅरेज जोडण्याचा विचार मग कोणी बोलूनही दाखवला नाही.

पाडकामाच्या दिवशी पहिला घण पडण्यापूर्वी गॅरेजकडे जाणारी तार घरातल्या बोर्डापासूनच सोडवून घ्यावी. नुसते बटण बंद करून भागत नाही. मीटर गॅरेजच्याच भिंतीवर असेल, तर तो हलवण्याचा अधिकार घरमालकाला नाही आणि त्याच्या वायरमनलाही नाही. त्यासाठी महावितरणकडे रीतसर अर्ज करून मंजुरी येईपर्यंत ती भिंत उभीच ठेवावी लागते. हाच अर्जाचा शिरस्ता वाढीव भारालाही लागू आहे आणि तिथे परवानाधारक विद्युत ठेकेदाराचा चाचणी अहवाल लागतो, म्हणून परवाना नसलेल्या स्वस्त कारागिराने वाचवलेले पैसे पुढे दप्तरी खेपांत खर्ची पडतात.

भाराचा हिशेब पूर्वी कोणी गॅरेजसाठी मांडत नसे. विजेच्या मोटारीने तो मांडायला लावला आहे. साधा घरगुती चार्जर ३.३ किलोवॅटचा धरला, तर २३० व्होल्टांवर तो सुमारे १४ अँपिअर प्रवाह घेतो. ज्या घराचा मंजूर भारच ३ किलोवॅट आहे, तिथे एकटी मोटार साऱ्या घराहून जड ठरते. पण आकड्यापेक्षाही मुदत अधिक महत्त्वाची आहे. इस्त्री नि गिझर घटकाभर चालून थांबतात, मोटार मात्र रात्रभर, आठ-नऊ तास, तोच प्रवाह ओढत राहते. घरापासून २० मीटरवरच्या गॅरेजला २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची तार नेली, तर या प्रवाहाने तारेतच सुमारे ६० वॅट उष्णता निर्माण होते. जुन्या काळचा एक पिवळा दिवा पाइपाच्या लांबीभर पसरून रात्रभर जळत असावा, तसे हे आहे. आम्ही पुढच्या मोठ्या चार्जरचाही विचार करून १० चौरस मिलिमीटरची आर्मर्ड केबल घेतली, ती अडीच फूट खोल चरात वाळूच्या थरावर अंथरली, वर पुन्हा वाळू आणि विटांची ओळ रचली. ‘काका, आणखी एक रिकामा पाइप आत्ताच टाकून घ्या, नाहीतर उद्या मला कोबा फोडायला लावाल,’ असे वायरमन म्हणाला, आणि तो खर्च मी बिनतक्रार कबूल केला.

गॅरेज ही ओल्या फरशीची नि अनवाणी पायांची जागा आहे, हे विसरता येत नाही. एमसीबी माणसाचे रक्षण करते असा सार्वत्रिक गैरसमज आहे. ती रक्षण करते तारेचे. १६ अँपिअरची एमसीबी माणसाच्या देहातून वाहणाऱ्या ०.१ अँपिअरकडे ढुंकूनही पाहत नाही, आणि तेवढा प्रवाह प्राण घ्यायला पुरतो. म्हणून ३० मिलिअँपिअरची गळती होताच पुरवठा तोडणारी आरसीसीबी गॅरेजच्या बोर्डात हवीच, आणि लोखंडी शटरलाही अर्थिंगची तार जोडलेली हवी. सॉकेट फरशीपासून चार फुटांवर घेतले. पाण्याचे शिंतोडे हे त्याचे एक कारण, आणि पेट्रोलची वाफ हवेहून जड असल्याने जमिनीलगत साचते, हे दुसरे. अर्थिंगचा खड्डा कोळसा नि मीठ भरून केला की काम संपले असे नव्हे, उन्हाळ्यात त्यात पाणी ओतावे लागते. आमच्याकडे हे काम आता आईने आपणहून घेतले आहे.

भिंतींत झिऱ्या काढून पाइप बसल्यावर, गिलाव्याच्या आदल्या संध्याकाळी, वायरमनने प्रत्येक भिंतीला मोजपट्टी लावून मला छायाचित्रे घ्यायला सांगितली. त्या वेळी हा सोपस्कार मला अंमळ हास्यास्पद वाटला होता. दोन महिन्यांनी फळी ठोकायला आलेल्या सुताराने ड्रिल भिंतीला टेकवले, तेव्हा मी ते छायाचित्र काढून दाखवले. त्याने ते निरखून पाहिले आणि काही न बोलता खूण वीतभर डावीकडे केली.