टोलनाक्यावर भुर्दंड कोणाला, सवलत कोणाला?

नागपूरहून रायपूरकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ५३ (पूर्वीचा क्रमांक ६) भंडारा, लाखनी, साकोलीमार्गे गोंदिया जिल्ह्यात प्रवेश करतो. या मार्गावर भंडाऱ्याच्या पश्चिमेला नागपूर जिल्ह्यात माथनी येथे, तर पूर्वेला साकोलीलगत सेंदूरवाफा येथे टोलनाका आहे. नाक्यावर दरांचा फलक असतो. मात्र कोणाला सवलत आणि कोणाला भुर्दंड, याचे निकष त्या आकड्यांवरून उमगत नाहीत.

हे निकष केंद्र सरकारच्या २००८ च्या शुल्क नियमांत आहेत. त्यापूर्वी झालेल्या करारांच्या रस्त्यांना मात्र त्या त्या करारातील दर व सवलती लागू राहतात. त्यामुळे सवलत मागण्यापूर्वी फलक बारकाईने वाचलेला बरा.

नाक्यापासून २० किलोमीटरच्या आत राहणाऱ्याच्या खासगी वाहनाला मासिक पास मिळतो. २००७-०८ या आधारवर्षात १५० रुपये असलेला हा पास २०२५-२६ मध्ये ३५० रुपयांवर गेला. येथे जिल्ह्याची अट नाही, केवळ अंतर पाहिले जाते. व्यावसायिक वाहनाचा निकष मात्र वेगळा आहे. नाका ज्या जिल्ह्यात आहे त्याच जिल्ह्यात नोंदणी असलेल्या वाहनाला निम्मा टोल पडतो; राष्ट्रीय परवान्यावरील वाहने यातून वगळलेली आहेत.

हा निकष साकोली परिसराला लावून पाहिल्यास त्यातील विसंगती ध्यानात येते. गोंदिया जिल्हा १९९९ मध्ये भंडाऱ्यातून वेगळा झाला. साकोलीच्या पुढे काही अंतरावरच त्याची हद्द लागते. एमएच ३६ क्रमांकाची, म्हणजे भंडाऱ्याची मालवाहू गाडी तुमसर तालुक्याच्या टोकावरून आली तरी सवलतीस पात्र. पण सीमेपलीकडच्या गावातून साकोलीच्या बाजारात धान आणणारी एमएच ३५ ची गाडी मात्र पूर्ण टोल भरणार. त्याच गावातील खासगी मोटार मात्र २० किलोमीटरच्या अटीत बसत असेल तर पासला पात्र ठरते. प्रशासकीय सोयीसाठी आखलेली रेषा अशी मालवाहतुकीच्या भाड्यात उतरते.

दंडाचा प्रश्न याहून तीव्र आहे. फेब्रुवारी २०२१ मध्ये फास्टॅग सक्तीचा झाला आणि टॅग नसलेल्यांना दुप्पट टोल लागू झाला. पुढे १५ नोव्हेंबर २०२५ पासून यूपीआयने भरणाऱ्यास सव्वापट, तर रोखीने भरणाऱ्यास दुप्पट अशी विभागणी झाली. म्हणजे १०० रुपयांच्या टोलला अनुक्रमे १२५ आणि २०० रुपये. दुरुस्ती स्वागतार्ह असली, तरी टोल बुडवू पाहणारा आणि खात्यातील शिल्लक संपल्याचे नाक्यावरच कळलेला, दोघे एकाच पंक्तीत बसतात.

ट्रकचालकाची अडचण तर आणखी निराळी. टॅगचे खाते मालकाचे, त्यात पैसे भरणारा मालकच. पण रात्री नाक्यावर अडवला जातो तो चालक. जादा रक्कम त्याच्या खिशातून गेली तर ती परत मिळणे मालकाच्या मर्जीवर अवलंबून.

याउलट दोष यंत्रणेचा असेल तर काय? ७ मे २०१८ च्या अधिसूचनेनुसार टॅग वैध व चालू असून खात्यात पुरेशी रक्कम असताना नाक्यावरील यंत्र बिघडल्याने वसुली झाली नाही, तर वाहनास विनाशुल्क सोडणे आणि शून्य रकमेची पावती देणे बंधनकारक आहे. चालकाची चूक झाली तर दंड तत्काळ वसूल होतो. यंत्राची चूक झाली तर मात्र हा नियम चालकालाच ठाऊक असावा लागतो. मागे गाड्यांची रांग लागलेली असताना तो वाद घालणार तरी किती वेळ? अशा वेळी खात्यातील शिल्लक दाखवून शून्य पावती मागावी आणि ती नाकारल्यास राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाच्या १०३३ या क्रमांकावर तक्रार नोंदवावी.

रस्ताच नादुरुस्त असेल तर टोल का द्यावा, हा प्रश्नही न्यायालयात पोहोचला आहे. केरळमधील पालियेक्कारा नाक्यावरील वसुली तेथील उच्च न्यायालयाने ६ ऑगस्ट २०२५ रोजी चार आठवड्यांसाठी थांबविली आणि सर्वोच्च न्यायालयाने त्यात हस्तक्षेप करण्यास नकार दिला.