सायनसच्या ऑपरेशननंतर बारा वर्षांनी

दुर्बिणीतून सायनसचं ऑपरेशन झालं की बहुतेकांचं चोंदलेलं नाक मोकळं होतं, ठणका थांबतो आणि आराम बरीच वर्षं टिकतो. नाकात मांस वाढलेलं, म्हणजे पॉलिप असतील, तर मात्र पुढचा हिशेब वेगळा. बेल्जियममधल्या अशा ३८ रुग्णांना १२ वर्षांनी पुन्हा तपासलं, तेव्हा ३० जणांचे पॉलिप परतले होते. दुसरं ऑपरेशन लागलं १४ जणांना. ॲलर्जी असलेल्यांत दुसऱ्या ऑपरेशनचं प्रमाण जास्त. तरीही त्रास पहिल्यापेक्षा कमीच होता, पण पॉलिप परतू शकतात, ही गोष्ट रुग्णाला आधीच सांगायला हवी.

ऑपरेशनने वाट मोकळी होते, अस्तराची सूज मुळातून जात नाही. म्हणून डॉक्टरांनी दिलेला स्टेरॉइडचा फवारा आणि मिठाच्या पाण्याने नाक धुणं बरं वाटलं म्हणून सोडू नये. पुणे जिल्ह्यातल्या मुळशी तालुक्यात पावसाळ्यात, विशेषतः ताम्हिणीकडच्या गावांत, भिंतींना बुरशी धरते. बुरशीची ॲलर्जी असेल तर झोपायची खोली कोरडी ठेवा. नाक धुवायला विहिरीचं किंवा नळाचं पाणी थेट घेऊ नका. उकळून कोमट केलेलंच घ्या. नाक धुवायचं नेतीपात्र रोज धुऊन वाळवा. डोळ्याभोवती सूज आली किंवा एकाचे दोन दिसू लागले, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा.