सन 1311ची रायफल

‘जर्मन लष्कराची रायफल’ असं कुणी म्हटलं की त्या तीन शब्दांत तीन दावे असतात. रायफल जर्मनीत बनली, ती जर्मन सैनिकाच्या हातात होती आणि लढाईतून ती आपल्या घरी आली. घरातली माणसं हे तिन्ही दावे एका दमात सांगतात. पारखी माणूस ते सुटे करतो आणि प्रत्येकाचा वेगळा पुरावा मागतो. दिग्रस तालुक्यातल्या एका शेतकरी घरात हे काम मी जवळून पाहिलं.

यवतमाळ जिल्ह्यात बंदुकीचा परवाना मुख्यतः पिकांच्या राखणीसाठी घेतला जाई. रानडुकरं आणि रोही एका रात्रीत वावर उलटंपालटं करतात, म्हणून ठासणीची भरमार किंवा बारा बोअर घरात असे. 1972च्या वन्यजीव कायद्याआधी शिकारीसाठीही परवाने होते. या बंदुकांमध्ये लष्करी रायफल क्वचितच सापडते. म्हणूनच अशा रायफलीचा निरोप मिळताच नागपूरचे एक जुने बंदूक-कारागीर लगेच निघाले. त्यांचं नाव इथे देत नाही. तीन पिढ्यांचा परवानाधारक धंदा आहे एवढं पुरे.

त्यांचा पहिला नियम असा की रायफल परवानाधारकानेच काढून समोर ठेवायची आणि त्या खोलीत काडतूस असता कामा नये. घरातले थोरले काकाजी रायफल घेऊन आले. “आमच्या आज्यानं आणली व्हती, जर्मनच्या लढाईतून. बसऱ्याले होता तो,” ते म्हणाले. कारागिरांनी मान डोलावली, पण वहीत काही लिहिलं नाही. आधी वस्तू पाहायची आणि गोष्ट मागाहून ऐकायची, ही त्यांची पद्धत. गोष्ट आधी ऐकली की डोळे तेच शोधू लागतात, असं त्यांचं म्हणणं.

त्यांनी बोल्ट उघडला, मागे घेतला आणि पुन्हा पुढे ढकलला. मग मलाही तसंच करायला सांगितलं. पुढे ढकलताना शेवटच्या टप्प्यात हाताला चांगलाच जोर लागला. “इथेच निम्मा निकाल लागला,” ते म्हणाले. पहिल्या महायुद्धात जर्मन सैन्याची मुख्य रायफल होती ‘गेवेअर 98’, म्हणजे 1898 साली स्वीकारलेली मॉझर. तिची कमान बोल्ट उघडताना ताणली जाते. तिच्या लगेच आधीच्या मॉझरमध्ये ती बंद करताना ताणली जाते, म्हणून हाताला शेवटी अडल्यासारखं वाटतं. बोल्ट बाहेर काढल्यावर खात्री पटली. पुढच्या टोकाला दोन खुंट्या होत्या, पण 98च्या बोल्टला मागे सुरक्षेसाठी असणारी तिसरी खुंटी नव्हती. रायफल मॉझर घराण्यातली होती, पण जर्मन पायदळाने महायुद्धात खांद्यावर घेतलेली नव्हे.

मग ठसे. खरी गेवेअर 98 स्वतःची ओळख स्वतःच सांगते. नळी जिथे बसते त्या पोलादी कड्यावर कारखान्याचं नाव आणि साल असतं, ओबर्नडॉर्फ, श्पांडाउ, डांत्सिग, एर्फुर्ट किंवा आम्बेर्ग असं. डाव्या कडेला गॉथिक वळणात मॉडेलचं नाव, उजव्या अंगाला तपासनिसांचे मुकुटाखालचे अक्षर-ठसे. कड्यावरच्या क्रमांकाचे शेवटचे दोन आकडे बोल्टच्या भागांवर, पट्ट्यांवर, अगदी स्क्रूंच्या डोक्यांवरही मारलेले असतात. ते सगळे जुळले तर रायफल कारखान्यातून निघाली तशीच राहिली आहे, असं समजायचं. परदेशातला संग्राहक पैसे मोजतो तो या जुळणीसाठी. बोल्ट दुसऱ्याच रायफलचा निघाला की किंमत झपकन उतरते, मग बाहेरून ती कितीही देखणी असो.

नकली मालही याच ठशांवर पकडला जातो. पेशावरजवळच्या दर्रा आदमखेलमध्ये हातांनी केलेल्या नकला प्रसिद्ध आहेत. कारागिरी थक्क करणारी असते, पण रोमन अक्षरं न वाचता, नुसतं पाहून उतरवलेली असल्याने एखादं ‘एन’ उलटं पडतं, स्पेलिंग हुकतं, ओळ डुलते. कारखान्याचा ठसा एका दाबात बसतो, त्याची खोली सगळीकडे सारखी असते आणि कडा पोलादाच्या रंगाबरोबरच जुन्या झालेल्या असतात. जुन्या काळसर पृष्ठभागावर ठशाच्या तळाशी धातू उजळ दिसला, तर ठसा अलीकडचा. दुसऱ्या महायुद्धातल्या रायफलींवर स्वस्तिक आणि गरुडाचे ठसे नंतर मारून किंमत वाढवण्याचा उद्योग जगभर चालतो. तो याच तपासाने उघडा पडतो.

इथे मात्र कड्यावर काहीच वाचता येत नव्हतं. वर्षानुवर्षांच्या दसऱ्याचं हळदकुंकू तेलात कालवलं जाऊन प्रत्येक खाचेत घट्ट बसलं होतं. कारागिरांनी तारेचा ब्रश पिशवीतून काढलासुद्धा नाही. तेलाचा एक थेंब सोडायचा, थांबायचं आणि बांबूच्या टोकदार काडीने खाच मोकळी करायची, असं ते करत राहिले. नंतर पातळ कागद ठेवून त्यावर शिसपेन्सिल आडवी फिरवली. कागदावर आधी एक गुंतागुंतीची वळणदार मुद्रा उमटली आणि तिच्याखाली उर्दूसारखी अक्षरं.

या क्षणी गावातलंच ज्ञान कामाला आलं. काकाजींनी मोटारसायकलवर मुलगा पाठवून उर्दू शाळेतून निवृत्त झालेल्या मास्टरसाहेबांना बोलावलं. आमच्या वऱ्हाडात निजामाच्या काळापासून उर्दू रुजलेली आहे, त्यामुळे माणूस शोधायला फार वेळ लागला नाही. चष्मा पुसून त्यांनी कागद उजेडात धरला. “एक, तीन, एक, एक. तेराशे अकरा. जुबान उर्दू नाही, तुर्की दिसते,” ते म्हणाले. क्रमांक वाचताना ते एका आकड्यापाशी अडले, कारण उर्दूतला चार आणि अरबी वळणाचा चार वेगळे दिसतात. त्यांनी तो दोन्ही पद्धतींनी लिहून दाखवला, तेव्हा बोल्टवरचा आकडाही तोच असल्याचं कळलं. बोल्ट मूळचाच होता.

वळणदार मुद्रा म्हणजे उस्मानी सुलतानाचा तुघ्रा. गादीवर तेव्हा दुसरा अब्दुल हमीद होता, 1876 ते 1909. त्याच्या सरकारने ओबर्नडॉर्फच्या मॉझर कारखान्याकडे मोठी मागणी नोंदवली आणि 1893चं तुर्की मॉडेल सुमारे दोन लाख नगांच्या संख्येने 1893 ते 1896च्या दरम्यान गेलं. 1311 हे साल हिजरी धरलं तर 1893-94 येतं, उस्मानी सरकारी वर्ष धरलं तर 1895-96. कोणताही हिशोब घेतला तरी रायफल त्याच मागणीतली ठरते. उजव्या बाजूला एक छोटी खिट्टी होती. ती लावली की पेटीतल्या पाच गोळ्या राखीव राहतात आणि एकेक काडतूस हाताने भरून झाडता येतं. ही सोय तुर्कांनी खास मागून घेतली होती. तेव्हा रायफल जर्मनीत बनलेली खरी, पण सैन्य तुर्कांचं.

काकाजींचा चेहरा पडला. मला मात्र इथेच त्या घरातल्या गोष्टीला बळ आल्यासारखं वाटलं. पहिल्या महायुद्धात मराठा पलटणी प्रामुख्याने लढल्या त्या मेसोपोटेमियात, बसरा-बगदादच्या वाळवंटात, आणि समोर तुर्क होते. 29 एप्रिल 1916ला कूतमध्ये शरणागती पत्करणाऱ्या फौजेत 110वी मराठा पलटण होती. 1918च्या ऑक्टोबरात शरकातच्या लढाईत 114व्या मराठा पलटणीने एकाच कारवाईत 28 शौर्यपदकं मिळवली. बसऱ्याहून आलेला वऱ्हाडी शिपाई जर्मन सैनिकाची रायफल आणेल, हे तसं अवघडच होतं. तुर्कांची आणेल, हे जुळतं.

तरीही ठसे एवढंच सांगतात की रायफल कुठे बनली आणि कुणाला विकली गेली. ती आज्यानेच आणली, हे पोलाद सांगत नाही. त्यासाठी कागद लागतो. जिम कॉर्बेटची प्रसिद्ध .275 रिग्बी रायफलही मॉझर धाटणीचीच. 1907मध्ये चंपावतच्या नरभक्षक वाघिणीला मारल्याबद्दल ती त्याला भेट मिळाली, हे तिच्या दस्त्यावरची चांदीची पट्टी सांगते आणि रायफल कंपनीच्या वहीशी ताडून पाहता येते. तशी पट्टी किंवा वही इथे नव्हती. काकाजींकडे होता एक जीर्ण परवाना, त्यात फक्त ‘मॉझर रायफल’ आणि एक इंग्रजी क्रमांक. तो क्रमांक रायफलवरही सापडला, डाव्या कडेवर, वेड्यावाकड्या ठोशांनी मारलेला. मूळ आकडे इंग्रजी नसल्याने परवान्यासाठी कुणा लोहाराकडून नवा क्रमांक घालून घेतला असावा. परदेशी संग्राहक त्याला विद्रूपीकरण म्हणेल. कारागिरांनी तो वहीत आदराने उतरवून घेतला आणि मला त्यांचंच पटलं. ही रायफल इथे राहिली, याचा तो दाखला आहे.

लाकडाचा निकाल मिश्र लागला. दस्ता अक्रोडाचा, मूळचा. नळीवरचं आवरण मात्र सागवानी, म्हणजे इथल्याच सुताराने बसवलेलं. आणि पुढचा भाग शिकारीला हलका पडावा म्हणून कापून गोल केलेला. नळीचं तोंड मोजलं तर ते 7.65 मिलिमीटर भरलं. ही मोठी जमेची बाजू होती. 1930च्या दशकात तुर्की प्रजासत्ताकाने अशा रायफली मोठ्या संख्येने अंकाऱ्यात 7.92च्या करून घेतल्या. त्यामुळे न बदललेली जुनी नळी जगात दुर्मिळ झाली. जी रायफल त्याआधीच तुर्कांच्या हातून सुटली, तिची नळी अशी राहू शकते. पाव मिलिमीटरचा हा फरक डोळ्यांना दिसत नाही. म्हणून जर्मन समजून तिच्यात 7.92चं काडतूस घालू नये.

किंमत विचारल्यावर कारागिरांनी रुपयांचा आकडा टाळला आणि कारण दिलं. परदेशातल्या लिलावाचे भाव इथे लागू होत नाहीत. शंभर वर्षांपलीकडची ऐतिहासिक वस्तू 1972च्या पुरावशेष कायद्यानुसार खासगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही. देशातही गिऱ्हाईक परवानाधारकच हवं, आणि 2019च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला दोनच बंदुका ठेवता येतात. जुनी झाली म्हणून ती कायद्यातून सुटत नाही. जी दुरुस्ती करूनही झाडता येणार नाही, अशाच जुन्या शस्त्राला शस्त्र कायदा सूट देतो, आणि ही रायफल झाडता येण्याजोगी होती. त्यांचा निवाडा असा: अस्सल, पण अपुरी, बाजारात थोडी, इतिहासात मोठी. मला तो योग्य वाटतो. कापलेलं लाकूड परत येणार नाही, पण सुलतानाची मुद्रा, 1311 साल आणि लोहाराचे ठोसे एकाच पोलादावर असलेली दुसरी रायफल या जिल्ह्यात मिळणं कठीण.

तुमच्या घरी अशी जुनी बंदूक असेल तर एवढं करा. तिला रेतीकागद, विटेची भुकटी, तारेचा ब्रश लावू नका. पॉलिश किंवा व्हार्निश चढवू नका. ठशांवर कागद ठेवून पेन्सिलीने नक्कल घ्या. परवानाधारक वारला असेल तर बंदूक ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करून वारसाचा अर्ज द्या. ठेवायची नसेल तर भंगारात देण्याआधी नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयात चौकशी करा, तिथे शस्त्रांचं दालन आहे. आणि माळ्यावरच्या ट्रंकेत आज्याचं पलटणीतून सुटल्याचं पत्र, पेन्शनचा कागद, पदक किंवा एखादं पोस्टकार्ड असेल, तर ते आजच शोधून रायफलच्या परवान्यासोबत ठेवा.