एकाच बांधावरचे दोन लिंब

गावाकडे आमच्या शेताच्या बांधावर दोन कडुनिंब होते. एकाच पावसाळ्यात उगवलेले, असं अब्बा सांगायचे. एक सरळसोट, डेरेदार. त्याच्या सावलीत गाडी सोडायची. दुसरा खुजा, वेडावाकडा, शेळ्यांनी ओरबाडलेला. २०१४ आणि २०१५ असे लागोपाठ दोन पावसाळे मराठवाड्याला कोरडे गेले. २०१६मध्ये लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं. त्याच उन्हाळ्यात आमचा डेरेदार लिंब शेंड्याकडून वाळत गेला आणि पुन्हा फुटला नाही. खुजा मात्र पालवला.

घरचे म्हणाले, मोठ्याच्या मुळांना खडक लागला असेल. शक्य आहे. चार पावलांवर काळी माती संपून मुरूम लागतो, हे ऐकणाऱ्यांपैकी शेती असणाऱ्यांना सांगायला नको. पण झाडाचं जगणं-मरणं फक्त जागेवर ठरतं, की जन्मावरही? या प्रश्नामागे वाचत वाचत मी थेट अमेरिकेतल्या ॲरिझोनात पोचलो. कागदावरूनच, विमानानं नव्हे.

तिथं फ्लॅगस्टाफ शहराजवळ सनसेट क्रेटर नावाचा, हजारएक वर्षांपूर्वी फुटलेला ज्वालामुखी आहे. भोवती काळी, भुसभुशीत खर. पाणी तिच्यात ठरत नाही. त्या खरीत पिनियन नावाचा पाईन वाढतो. आपण सुक्या मेव्यात चिलगोजे खातो ना, त्या झाडाचा हा भाऊबंद. नॉर्दर्न ॲरिझोना विद्यापीठाचे थॉमस व्हिटम, कॅथरीन गेरिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही झाडं १९८०च्या दशकापासून न्याहाळली. तिथं एका पतंगाची अळी कोवळे शेंडे पोखरते. शेंडाच गेल्यावर झाड उंच न होता झुडपासारखं पसरतं, बिया धरणारी फळंही त्याला फारशी लागत नाहीत. शेजारच्याच दुसऱ्या झाडाला मात्र ती अळी लागत नाही; ते ऐटीत वाढतं. हा फरक वंशातून आलेला.

मग २००२ साली भीषण दुष्काळ पडला. कुणालाही वाटेल, आधीच पोखरलेली झाडं पहिल्यांदा जातील. झालं उलटं. अळीला दाद न देणारी झाडंच जवळजवळ तिप्पट प्रमाणात मेली.

आता राहिला जागेचा संशय. तो फेडण्यासाठी दोन्ही तऱ्हेच्या झाडांच्या बियांची रोपं एकाच जागी वाढवली गेली. तिथंही हाच फरक दिसला. पण खरी गंमत जमिनीखाली आहे. पाईनच्या मुळांना बुरशी लपेटलेली असते. मुळं पोचत नाहीत तिथलं पाणी आणि खनिजं ती आपल्या बारीक तंतूंनी आणून देते, बदल्यात झाडाकडून साखर घेते. बलुतेदारीच म्हणा ना! दुष्काळ सोसणाऱ्या झाडांची बुरशी वेगळी, न सोसणाऱ्यांची वेगळी. परक्या झाडाखालची माती दिली तरी रोप आपल्या आईकडच्याच बुरशीचा हात धरतं. आणि ती मिळाली तरच चिवट वाणाचं रोप कोरड्यात सरस ठरतं. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासानुसार दहा वर्षांच्या दुष्काळात चिवट झाडं २५ टक्के अधिक वाढली, आणि त्यांच्यातलं मरण इतरांच्या एक तृतीयांश होतं.

मला इथं आपली बी गोळा करण्याची रीत खटकते. रोपांसाठी बी घ्यायचं ते उंच, सरळ, डौलदार झाडाखालचं. लाकडासाठी ते ठीकच. पण उघड्या माळावर लावायच्या रोपांचे आईबाप निवडताना चांगल्या वर्षातला रुबाब का पाहावा? त्यातही दोन-चार झाडांच्याच बिया घेतल्या, तर सगळी लागवड एका स्वभावाची होते आणि एका उन्हाळ्यात सगळीच जाऊ शकते.

आमचा खुजा लिंब अजून उभा आहे. पावसाच्या तोंडावर त्याच्याखाली पिवळ्या लिंबोळ्यांचा सडा पडतो. लिंबोळीची उगवण फार दिवस टिकत नाही, लगेच पेरावी लागते. गेल्या वर्षी मी पन्नासेक पिशव्या भरल्या. निम्म्यांत परसातली माती घातली, निम्म्यांत त्याच्याच बुंध्याजवळची. कुठली रोपं तग धरतात, ते या उन्हाळ्यात पाणी तोडल्यावर दिसेल.